म्हणे, आपल्या लोकांना आवडच नाही!

युरोपची वारी करून आलेल्या आपल्या माणसांची तीन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, "रस्ते काय स्वच्छ आहेत गं!" दुसरं, "चहा मात्र कुठेच धड मिळाला नाही." आणि तिसरं येतं फोटो दाखवताना. एखाद्या संग्रहालयाचा फोटो आला की एक सुस्कारा, आणि मग, "आपल्या लोकांना ना, या गोष्टींची आवडच नाही."

पहिल्या दोन वाक्यांशी माझं भांडण नाही. चहाच्या बाबतीत तर मी स्वतः साक्ष द्यायला तयार आहे. तिसऱ्याशी मात्र आहे, आणि आज जरा सविस्तर भांडायचं ठरवलंय. ज्या नातेवाइकांनी हे वाक्य माझ्या घरात, माझ्याच हातचे पोहे खात म्हटलंय त्यांनी राग मानू नये. मानला तरी दिवाळीला यावंच.

"तू पाहिलंयस कुठे?" असं मला विचारायची सोय नाही, कारण मीही ही वारी केलीय. भाची कोपनहेगनला असते. ती आणि जावई सकाळी कामावर गेले की मी मोकळी. बाहेर पाऊस आणि बोचरा वारा, त्यामुळे हिंडायचं म्हणजे छपराखालीच हिंडायचं. सुपरमार्केट तरी किती वेळा बघणार? म्हणून संग्रहालयं पाहिली. राष्ट्रीय संग्रहालय, ग्लिप्टोटेक नावाचं शिल्पांचं संग्रहालय, रॉयल लायब्ररीच्या त्या काळ्याभोर ग्रॅनाइटच्या इमारतीतली छायाचित्रं. पाय दुखेपर्यंत पाहिली. आवडलीही. आणि जितकी आवडली तितकी ते तिसरं वाक्य खोटं आहे अशी माझी खात्री होत गेली.

का, ते सांगते.

राष्ट्रीय संग्रहालयात एका काचेच्या पेटीत त्यांचा 'सूर्यरथ' ठेवलाय. कांस्याचा घोडा, त्याच्या मागे एक मोठी तबकडी, तिच्या एका बाजूला सोन्याचा पत्रा, आणि हे सगळं छोट्या चाकांवर. म्हणजे सूर्याला ओढून नेणारा घोडा. इ.स.पू. १४०० च्या आसपासचा. १९०२ मध्ये ट्रुंडहोल्म नावाच्या दलदलीची जमीन पहिल्यांदा नांगरताना एका शेतकऱ्याला तो सापडला. सगळ्या देशाला तो ठाऊक आहे. त्यांच्या हजार क्रोनच्या नोटेवरसुद्धा तो होता. ती नोट २०२५ मध्ये चलनातून गेली. मी गेले तेव्हा समोर शाळेतली पोरं फतकल मारून बसली होती आणि वहीत चित्र काढत होती. एकाच्या घोड्याला पाच पाय झाले होते, पण बाई काही बोलत नव्हत्या.

मी त्या पेटीसमोर बराच वेळ उभी होते. भक्तिभावाने वगैरे नाही. मला आमचा रथ आठवत होता.

आता 'आमचा' म्हणजे कुणाचा? आमच्या देवळालीचं नाव काढलं की लोक नाशिकची देवळाली समजतात, म्हणून आम्हाला पुढे 'प्रवरा' लावावं लागतं. या प्रवरेच्याच काठी, श्रीरामपूर तालुक्यात, डाव्या तीरावर दायमाबाद नावाचं ओसाड गाव आहे. १९७४ साली छबू लक्ष्मण भील नावाच्या शेतकऱ्याला तिथे एका झाडाची मुळं खणून काढताना चार कांस्यशिल्पं सापडली. एक हत्ती. एक गेंडा. एक रेडा. आणि एक रथ: दोन बैल जुंपलेले, मागे माणूस उभा, आणि मधल्या दांडीवर चक्क एक कुत्रं! रथ पंचेचाळीस सेंटीमीटर लांब आहे, म्हणजे हातभर. चारही शिल्पं मिळून साठ किलोच्या वर भरतात. भरीव धातू आहे.

वय? एस. आर. राव, म. न. देशपांडे, सा. आ. साळी ही पुरातत्त्वातली मोठी माणसं त्यांना उत्तर हडप्पा काळातली मानतात. म्हणजे साधारण चार हजार वर्षं, त्या डॅनिश घोड्याच्याही कित्येक पिढ्या आधीची. डी. पी. अगरवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून यावर शंका घेतली. वाद आहे, आणि असूही दे. वाद होण्याइतकी ती वस्तू महत्त्वाची आहे.

आता मला सांगा, इथे वाचणाऱ्या किती जणांनी हा रथ पाहिलाय? किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय? नगर जिल्ह्यात जन्मून, वाढून, दहावीला इतिहासात बरे मार्क मिळवून, किती जणांना छबू भील हे नाव माहीत आहे?

"बघ! म्हणजे आवड नाहीच!" असं आता तुम्ही म्हणणार. थांबा जरा.

हत्ती, गेंडा आणि रेडा मुंबईत आहेत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. रथही जिल्ह्यात नाही. ट्रुंडहोल्म ज्या बेटावर आहे त्याच बेटावर कोपनहेगन आहे. तिथल्या शेतकऱ्याच्या पोराला सकाळी निघून, आपल्या मातीत सापडलेला सूर्यरथ पाहून, संध्याकाळी घरी जेवायला परतता येतं. अठरा वर्षांखाली असेल तर तिकीटही नाही. राहुरी तालुक्यातल्या ऊस लावणाऱ्या माणसानं प्रवरेचा हत्ती बघायचा तर रात्रीची एसटी किंवा रेल्वे, मुंबईत उतरायची सोय, दोन दिवसांचा खाडा, आणि घरी जनावरांकडे कोण बघणार हा प्रश्न. एवढं करून तो जात नाही म्हणून त्याला 'आवड नाही'? मुंबईच्या माणसाला रोज देवळालीला येऊन पेपर वाचायला सांगा, मग त्यालाही वाचनाची आवड उरते का ते बघू.

डेन्मार्क हा साठ लाखांचा देश. आमचा एकटा नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) २०११ च्या जनगणनेत पंचेचाळीस लाखांच्या वर होता. एवढ्या माणसांना त्यांच्याच नदीकाठी सापडलेली वस्तू जिल्ह्यात पाहता येत नाही, आणि वर ऐकवायचं की तुम्हाला आवड नाही!

दुसरी गोष्ट. त्या लोकांना ही आवड जन्मतःच असते, असा एक भाबडा समज आपल्याकडे आहे. ग्लिप्टोटेकमध्ये गेलात तर मधोमध काचेच्या घुमटाखाली भलीमोठी बाग दिसेल, ताडामाडांची. मला पहिल्यांदा प्रश्न पडला की पुतळ्यांच्या घरात ही झाडं कशाला? तर हे संग्रहालय काढणारा कार्ल जेकबसन म्हणजे कार्ल्सबर्ग बिअरवाल्या घराण्यातला. संग्रहालय १८९७ मध्ये उघडलं, ही बाग १९०६ मध्ये. हेतू असा की ज्यांना कलेत रस नाही असेही लोक निदान बागेसाठी आत येतील, आणि आलेच आहेत तर पुतळेही बघतील. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोपनहेगनच्या लोकांनाही झाडांचं आमिष दाखवून आत आणावं लागत होतं! आवड लावावी लागते, लोणच्यासारखी मुरू द्यावी लागते. त्यासाठी कुणीतरी पैसे आणि डोकं खर्च करावं लागतं. तिथे ते बिअरच्या पैशातून झालं. १९०२ मध्ये त्याच घराण्यानं एक प्रतिष्ठान काढलं आणि ते आजही संग्रहालयांना कलाकृती घेऊन देतं.

आमच्याकडे बिअर नसेल, साखर तर आहे! १९५० साली प्रवरानगरला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांकडून शेअर गोळा करून तो उभारला. लोक तेव्हाही म्हणत असतील की शेतकऱ्याला कारखाना काय कळतोय. त्यानंतर या जिल्ह्यात साखरेतून काय नाही उभं राहिलं? शाळा, इंजिनिअरिंग कॉलेजं, दवाखाने, पतपेढ्या, मंगल कार्यालयं. हे सगळं हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण या यादीत संग्रहालयाला जागा मिळायची राहिली. कुणी मागितलं नाही म्हणून कुणी बांधलं नाही, आणि कधी पाहिलंच नाही म्हणून कुणी मागितलं नाही. हा चरक असा फिरतोय.

नगर शहरात काहीच नाही असं नव्हे. ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, लांबच लांब जन्मपत्रिकेसाठी ते ओळखलं जातं. १९९४ पासून लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे आणि तिथे सहलीच्या बसेस येतात, पोरं रणगाड्यांपुढे उभी राहून फोटो काढतात, म्हातारी माणसं नातवाला समजावून सांगतात. आवड नसलेले लोक ते हेच बरं का.

मी अनेक वर्षं इतिहास शिकवला. एकदा आमची सहल मुंबईला नेली. सहल म्हणजे कशी ते तुम्हाला माहीत आहे: गेटवे, राणीचा बाग, चौपाटी, आणि मध्ये संग्रहालयाला पाऊण तास. त्या पाऊण तासात मी पोरांना थेट दायमाबादच्या हत्तीपाशी नेलं. सांगितलं की हे आपल्या प्रवरेतलं आहे. एक क्षण कुणी काही बोलेना. मग एकदम गलका! "मॅडम, हे कुणाच्या वावरात सापडलं?" "याला चाकं कशाला?" रेड्यापुढे तर परिषदच भरली. ही म्हैस की रेडा, यावर दोन तट पडले आणि शिंगांची ठेवण, मानेची जाडी, वशिंड का नाही, यावर पाचवीतल्या पोरांनी जे मुद्दे मांडले ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाहीत. एक मुलगी म्हणाली, "आपण पोळ्याला मातीचे बैल करतो तसंच आहे हे, फक्त धातूचं." चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला यापेक्षा चांगला प्रेक्षक कुठे मिळाला असता? बाहेर बसवाला हॉर्न वाजवत होता म्हणून निघावं लागलं.

परत आल्यावर मी सुचवलं की पुढच्या वर्षी छोटी सहल दायमाबादलाच नेऊ या. तर एक साहेब म्हणाले, "तिथे पाहायला काय आहे?" प्रश्न बरोबरच होता हो. पाहायला काही ठेवलंच नाही, तर असेल काय? पण गंमत बघा. पाच वेगवेगळ्या काळातल्या वस्त्यांचे थर तिथे उत्खननात मिळाले. त्याच प्रवरेच्या खोऱ्यात वरच्या अंगाला जोर्वे, आणि त्या गावाच्या नावाने एक अख्खी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाते. खालच्या अंगाला नेवासे, जिथे १९५०च्या दशकात सांकळियांनी उत्खनन केलं. ज्ञानेश्वरीसाठी नेवासे सगळ्यांना माहीत आहे, त्याखालची पांढर फार थोड्यांना. एका नदीवर एवढं सगळं, आणि म्हणे पाहायला काय आहे!

आता सगळ्यात शहाणा आक्षेप. "अगं, पण जिल्ह्याच्या ठिकाणी या वस्तू सांभाळणार कोण? चोरीला गेल्या तर? खराब झाल्या तर?"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. गळक्या छपराखाली, गंजलेल्या कुलपात असल्या वस्तू ठेवा असं मी म्हणणारच नाही. पण हेच वाक्य कोपनहेगनमध्येही म्हटलं गेलं होतं. आइसलँडची जुनी हस्तलिखितं डेन्मार्ककडे होती. आइसलँडने ती मागितली तेव्हा कितीतरी डॅनिश विद्वान विरोधात उभे राहिले, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी डेन्मार्कच्या संसदेने कायदा केला आणि २१ एप्रिल १९७१ ला पहिली दोन हस्तलिखितं जहाजाने रेक्याविकला पोचली. बंदरावर हजारो माणसं उभी होती, शाळांना सुट्टी होती. कशासाठी, तर दोन पुस्तकांसाठी! पुढे १९९७ पर्यंत हे परत देणं चालू राहिलं. ग्रीनलँडचंही तसंच: १९८२ ते २००१ या काळात कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयाने सुमारे पस्तीस हजार वस्तू नूकच्या संग्रहालयाला परत केल्या. म्हणजे आपण ज्या संग्रहालयाचे गोडवे गातो, त्याच्या मोठेपणात 'काय जमवलं' याच्याबरोबर 'काय परत दिलं' हेही आहे. वारी करून येणारे हे दुसरं कधी सांगत नाहीत.

आणि तिकडचं कशाला, इकडचंच सांगते. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली. ती मुंबईत नाही ठेवली, आधी साताऱ्याला नेली, मग २०२५ मध्ये नागपूरला. ती नेमकी कुठली वाघनखं, यावरचे वाद बाजूला ठेवा. मुद्दा एवढाच की सुरक्षा, विमा, काचेची पेटी, हवामान, पोलीस, सगळं जमलं. इच्छा होती म्हणून जमलं. लंडनहून साताऱ्याला येता येतं, मग मुंबईहून नगरला का येता येऊ नये? त्यातून कांस्याला दमट खारी हवा मानवत नाही म्हणतात. समुद्राच्या काठावर राहून जो हत्ती टिकलाय, त्याला आमच्या कोरड्या हवेची भीती घालू नका.

मुंबईच्या संग्रहालयाशी माझं वैर नाही, हे स्पष्ट सांगते. त्यांनी या वस्तू जिवापाड जपल्यात. २०१५ पासून त्यांची फिरत्या संग्रहालयाची बस गावोगावी जाते, हे तर मनापासून कौतुक करण्यासारखं. माझं म्हणणं एवढंच की बसपुरतं थांबू नका.

आता छायाचित्रांकडे येते, कारण तिथे तर दोष द्यायला मुंबईही नाही आणि दिल्लीही नाही. तिथे आपणच आहोत.

डेन्मार्कमध्ये एक कंपनी विमानातून शेतकऱ्यांच्या घरांचे, गोठ्यांचे फोटो काढायची आणि मग तिचे विक्रेते दारोदार जाऊन तेच फोटो मोठे करून, रंगवून विकायचे. धंदा होता, कला वगैरे काही नाही. पण रॉयल लायब्ररीने ते लाखो फोटो जपले, संगणकावर चढवले आणि लोकांना सांगितलं की आपापलं घर शोधा आणि नकाशावर खूण करा. लोकांनी केली. कुणाचं शेत, कोण अंगणात उभं आहे, कुठला गोठा आता पडला, सगळं लोकांनीच भरलं. शेतकऱ्याच्या गोठ्याला राजाच्या ग्रंथालयात जागा!

आपल्याकडे छायाचित्रणाला परंपरा नाही असं म्हणू नका. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली होती, भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. आणि गावोगावचे स्टुडिओ? आमच्या भागातल्या एका स्टुडिओत चाळीसेक वर्षांच्या निगेटिव्ह होत्या. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, गळीत हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत टाकतानाची गर्दी, नवा ट्रॅक्टर आणि त्याला घातलेला हार, कालव्यात पोहणारी पोरं, आणि मयताचा शेवटचा फोटो. डिजिटल आल्यावर दुकान बंद झालं, जागा विकली, निगेटिव्ह भंगारात गेल्या. किलोच्या भावाने. आमच्या परिसराचं अख्खं छायाचित्र संग्रहालय एका हातगाडीवर मावलं आणि गेलं. ते घडताना कुणी ओरडलं नाही. तीच माणसं पुढे पोराकडे परदेशी गेली आणि तिथे तिकीट काढून अनोळखी लोकांच्या लग्नाचे कृष्णधवल फोटो बघून म्हणाली, "किती जपतात नाही हे लोक!"

तर मला काय हवंय? आकाशातला चंद्र नकोय. जिल्ह्याच्या ठिकाणी एक नीट, पक्कं, कुलूपबंद, मराठी फलकांचं दालन हवं, आणि प्रवरेची ती चार शिल्पं वर्षातले काही महिने कराराने तिथे यावीत. ते होईपर्यंत उत्तम प्रतिकृती श्रीरामपूर, राहुरी, नेवासे इथे कुठेतरी ठेवाव्यात, आणि खाली मोठ्या अक्षरात छबू लक्ष्मण भील हे नाव लिहावं. ज्या दिवशी साखर कारखान्यांच्या वार्षिक सभेत एखादा सभासद उठून "संग्रहालयाचं काय झालं?" असं विचारेल त्या दिवशी कामाला सुरुवात झाली समजा. आणि गावातल्या सार्वजनिक वाचनालयात एक कपाट, एक स्कॅनर, एक पोरगा किंवा पोरगी पगारी बसवून, उरलेसुरले स्टुडिओ आणि घरोघरच्या ट्रंका रिकाम्या होण्याआधी त्यातले फोटो उतरवून घ्यावेत, मागे नावं लिहून. याला किती खर्च येईल? गावातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सहून फार जास्त नसावा.

आणि परदेशातल्या माझ्या भाच्या-पुतण्यांनो, तुम्हाला वेगळं सांगते. तिकडची संग्रहालयं जरूर पाहा, मलाही पुन्हा बोलावलंत तर मी एका पायावर तयार आहे. पण सुट्टीला याल तेव्हा शिर्डी-शिंगणापूरच्या गाडीत एक दिवस दायमाबादच्या पांढरीसाठी ठेवा, आणि परतताना मुंबईत विमानाला वेळ असेल तर त्या हत्तीला भेटून जा. आजोबांच्या ट्रंकेतले फोटो नेताय ना? मग आधी त्यातल्या माणसांची नावं विचारून घ्या, सांगणारे अजून आहेत तोवर. आमच्याकडे आता तीनच उरलेत, आणि त्यातल्या एकीला ऐकू येत नाही.

असो. बरंच लांबलं. पण ते तिसरं वाक्य पुन्हा माझ्या घरात ऐकू आलं, तर पोहे मिळतील, चहा मिळणार नाही.